हत्तीच्या पोटातली पिशवी

७ जानेवारी, मंगळवार

ही वही धाकट्याची. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि माझ्या आधी गेला. या वहीत तो हत्तीच्या नोंदी ठेवायचा. पुढची पानं त्याच्या अक्षराने भरलेली आहेत, ती मला वाचवत नाहीत. म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात करतोय. लिहायला धाकटीने सांगितलं. "दादा, कुणाशी बोलत नाही तर निदान लिहा तरी," म्हणाली. धाकटी त्याची बायको. आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं पुढच्या खोलीत ती पॉलिशचं काम करते, मागच्या खोलीत आम्ही दोघं भाऊ यंत्रांवर. राहतो सगळे वरच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं जे काही घर आहे ते हेच.

हत्ती म्हणजे धूळ ओढायचं यंत्र. करवत, रंधा, घासायचं यंत्र, सगळ्यांकडून जाड नळ्या निघतात आणि एका सोंडेत मिळतात. वर मोटर गरगरते, भुसा नि धूळ खाली निळ्या ड्रममध्ये पडते. नाव धाकट्याने ठेवलं. ड्रम किती भरला ते दिसावं म्हणून त्याने ड्रमच्या पोटाला हातभर लांबीची पारदर्शक पट्टीही बसवली होती. भरला की म्हणायचा, "चला, हत्तीचं पोट साफ करू." आणि ते काम गेली कित्येक वर्षं तोच करायचा.

धाकटा गेल्यापासून बंद असलेलं यंत्र आज पन्नास दिवसांनी सुरू केलं. वाचनालयाची बारा कपाटं अडून राहिली आहेत. चार फळ्या कापल्या आणि बंद केलं. हत्ती लगेच गप्प होत नाही, अर्धा मिनिट घरघरतो. आवाज लागू नये म्हणून कानांवर चढवलेले गोळे मी अजून काढले नव्हते. ती घरघर संपता संपता धाकट्याचा खोकला ऐकू आला. आधी एक कोरडा, मग दोन ओढलेले. दोन वर्षं रोज ऐकलाय, चुकणं शक्य नाही. माझी छाती भरून आली, डोळ्यांना पाणी आलं, करवतीला धरून उभा राहिलो. मग यंत्रामागे जाऊन बघितलं. कुणी नव्हतं.

धाकटीला काही बोललो नाही. ती म्हणेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून धाकटी म्हणाली, "दादा, मागच्या खोलीतलं त्यांचं काम आता मी करणार. ड्रमसुद्धा."

मी म्हटलं, "तू पॉलिश बघ."

"पॉलिश करून वेळ उरतो. आणि ड्रम मी नाही काढणार तर कोण? तुम्ही? जिना चढताना तीनदा थांबता."

जिन्याच्या पायऱ्या आधीपासूनच उंच आहेत, बाबांनी बांधतानाच चूक केली. त्याचा ड्रमशी काय संबंध? पण धाकटीने एकदा म्हटलं की म्हटलं. ड्रम अर्धा भरलाय. बारा कपाटांचा भुसा पडायला लागला की आठवडाभरात काठाला येईल. मग ही पदर खोचून त्यात डोकं घालणार.

डॉक्टर काय म्हणाले ते मी विसरलेलो नाही. "फुप्फुसं कडक झाली आहेत. धूळ." एवढंच. धाकटा ड्रम आडवा करायचा, आत वाकून फावड्याने ओढायचा, ढगात दिसेनासा व्हायचा, मग बाहेर येऊन खोकत खोकत हसायचा. ज्या ड्रमने नवरा नेला त्यात आता बायको वाकणार असेल, तर त्याआधी मी कारखान्याला कुलूप लावीन. पण कुलूप लावून दोघांनी करायचं काय, हेही मला माहीत नाही.

उपाय एकच आहे. ड्रमला आतून प्लास्टिकची पिशवी लावायची. भरली की तोंड बांधायचं, उचलायची, नवी लावायची. धूळ उडायचा प्रश्नच नाही. पिशव्यांचं भेंडोळं माळ्यावर पडलंय. अडीच वर्षांपूर्वी धाकट्यानेच आणलं होतं. आठवडाभर लावल्या, मग जमलं नाही म्हणून सोडून दिलं.

१३ जानेवारी, सोमवार

पिशवी लावायची तर आधी ड्रम रिकामा हवा. धाकटीला बिजागऱ्या आणायला पाठवलं, दूरच्या दुकानात, मुद्दाम.

पट्टीतून आतले थर दिसत होते. वर माझ्या फळ्यांचा फिकट भुसा, खाली तांबूस. तांबूस म्हणजे धाकट्याने शेवटी केलेला जिन्याचा कठडा. तो थर बघत बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. गेलेल्या माणसाचा कपडा धुवायला टाकताना हात थांबतो, तसं झालं. शेवटी नाकाला फडकं बांधलं, ड्रम परसात आडवा केला आणि फावडं घातलं. ढग उठला. फडकं कसलं, नुसता देखावा.

खोकला माझ्यामागे परसापर्यंत आला. कुंपणाशी जाऊन बसलो तर तिथेही. एक कोरडा, दोन ओढलेले, आणि आज थांबायचं नावच नाही. मी मनात म्हटलं, बाबा रे, झालं आता, बस कर. किती तरी वेळाने थांबला. मग मलाही जरा श्वास घेता आला.

तळाची मूठभर तांबूस धूळ फेकवेना. मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरून खिडकीत ठेवली.

धाकटी आली, तिने आधी परसात बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही काढलात."

"हो."

"ओठ निळे पडलेत तुमचे."

"गारठा आहे," मी म्हटलं. मग तिला बरणी दिसली. हे काय म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, त्याची धूळ. तिने बरणी हातात घेतली, उजेडात धरली. "हीच त्यांच्या छातीत होती, दादा," एवढं म्हणून जागच्या जागी ठेवली. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

पिशवी लावली. काठावरून बाहेर दुमडली, वर झाकण बसवलं, चिमटे आवळले. पोराटोरांनी करावं इतकं सोपं काम. धाकटी बघायला आली होती. मी म्हटलं, "बघ, आता ड्रम काढायला तुला वाकावंच लागणार नाही."  ती ड्रमच्या एका बाजूला खाली कुठेतरी बघत होती.

यंत्र सुरू केलं. पट्टीतून बघतोय तोवर पिशवी भिंत सोडून आत आली. फुगलेलं पोट आत घ्यावं तशी चारी बाजूंनी चपटी झाली, मग तळ उचलला गेला आणि ती वळवळत वर चढली. मोटर किंचाळायला लागली. धावत जाऊन बटण दाबलं. झाकण उघडलं तर अर्धी पिशवी सोंडेच्या तोंडात अडकलेली, उरलेली फाटून लोंबत होती.

सगळं शांत झालं तेव्हा परत तोच खोकला. आज धाकटी शेजारीच उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. म्हणजे तिलाही ऐकू आला असावा. विचारायचं धाडस झालं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

धाकट्याचीही पिशवी अशीच वर गेली होती, ते आता आठवतंय. म्हणजे आठवत होतंच, लिहिलं नव्हतं इतकंच. मी तेव्हा भर कारखान्यात ओरडलो होतो, "तुझ्या पिशव्यांपायी हत्ती मारशील एक दिवस. बंद कर ही थेरं." त्याने बंद केली. नेहमीसारखं, एका शब्दात, "बरं दादा."

पण त्याआधी आठवडाभर पिशवी कशी टिकली? मी तेव्हा बाहेरगावी दारं बसवायला गेलो होतो. आलो त्या दिवशी पिशवी नीट होती हे पक्कं आठवतंय. मग दुसऱ्याच दिवशी ती वर कशी गेली?

आज तळाला बसेल अशी गोल लाकडी कडी केली, पिशवीत टाकली, वर वीट. तळ जागेवर राहिला. पण पिशवी मधूनच आत दबली, चिरमटली आणि टर्रकन फाटली.

वाचनालयाच्या कपाटांतलं धाकट्याने जोडलेलं एक कपाट कोपऱ्यात उभं आहे. मागची फळी तिरकी बसलीय, तापात काम केलं असणार. उघडून नीट करायला हवी, पण हात लावला नाही. बाबांचा नियम होता, ज्याने सांधा जोडला त्यानेच उघडायचा. दुसऱ्याने त्याला विचारल्याशिवाय नखसुद्धा लावायचं नाही. कारखान्यात पन्नास वर्षांत हा नियम कुणी मोडला नाही. मी नाही, धाकट्याने नाही, धाकटीनेही नाही. आता ज्याला विचारायचं तोच नाही, तर त्या कपाटाचं काय करायचं ते बाबांनी सांगून ठेवलेलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहितो.

दोन दिवस खपून एक पिंजरा केला. तळाला एक कडी, वर एक, मध्ये बारा पातळ पट्ट्या उभ्या. पिंजरा पिशवीच्या आत ठेवला, म्हणजे पिशवी कितीही दबली तरी पट्ट्यांवर अडेल. काम फक्कड झालं होतं. मनाशी म्हटलं, धाकट्याला जमलं नाही ते दादाने केलं.

यंत्र सुरू केलं. पिशवी आत ओढली गेली आणि पट्ट्यांमधल्या फटींत खोल रुतली. बारा पट्ट्या बाहेरून उमटल्या. यंत्राचा जोर कमीजास्त होतो तशी ती पिशवी रुतायची, सुटायची, पुन्हा रुतायची. मी ड्रमच्या पारदर्शक पट्टीला डोळा लावून बसलो होतो. शेवटच्या महिन्यात धाकटा खाटेवर उघडा बसायचा, शर्टाचं वजनही सहन व्हायचं नाही म्हणून. पाठमोऱ्या त्याच्या फासळ्या अशाच दिसायच्या. प्रत्येक श्वासाला मधली कातडी आत जायची.

बटण बंद केलं तशी पिशवीने हुश्श करून सगळी हवा सोडली. तो खुर्चीत बसताना करायचा तस्सं. आणि पाठोपाठ खोकला, कानाच्या अगदी जवळ, माझ्या मानेपाशी म्हणावा इतका.

पिंजरा काढून पायाने मोडला. लाकडाचं काम पायाने मोडायची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

२७ जानेवारी, सोमवार

चार दिवस पिशवी न लावताच काम केलं. ड्रम पुन्हा अर्ध्याला आला.

धाकटीला शेवटी विचारलंच. म्हटलं, "यंत्र बंद झालं की तुला काही ऐकू येतं का?"

"खोकला?" ती म्हणाली. "येतो की. यंत्र सुरू असतानाही येतो, पुढच्या खोलीपर्यंत. सकाळी जिन्यातसुद्धा."

काय सांगू किती बरं वाटलं. म्हणजे मला वेड लागलेलं नाही. "मग घाबरली नाहीस?"

"घाबरते ना. म्हणून तर रोज म्हणते, डॉक्टरांकडे जाऊ या."

"आता डॉक्टर काय करणार? गेलेल्या माणसाला औषध देणार?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. हातातला पॉलिशचा बोळा तसाच, थेंब फरशीवर पडला तरी तिला कळलं नाही. मग पुढच्या खोलीत निघून गेली. थोड्या वेळाने तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी उगाच नवऱ्याचा विषय काढला.

१ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीने तारीख सांगून टाकली. सोमवारी ड्रम ती काढणार. तोंडाला बांधायचा मुखवटा आणलाय, डोळ्यांना चष्मा आणलाय, जुना पंजाबी ड्रेस बाजूला काढून ठेवलाय. मी म्हटलं, "माझ्या जिवंतपणी नाही." ती म्हणाली, "तुमचा जिवंतपणा टिकावा म्हणूनच." जिभेला हाड नाही बाईच्या.

तिचा मुखवटा टांगायला खिळा शोधत होतो. यंत्रामागच्या खांबावर धाकट्याच्या जुन्या फडक्याचा खिळा आहे. फडकं काढलं तर खाली बोटाएवढ्या जाडीची एक पारदर्शक नळी होती, नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. दोन्ही टोकांना पितळी तोट्या.

ही नळी मी फेकली होती. माझ्या हाताने भंगाराच्या पेटीत. त्याने ती उचलून, पुसून, गुंडाळून ठेवली होती.

आता सगळं लिहितो, कारण आता लपवायचं कुणापासून? बाहेरगावाहून परत आलो त्या दुपारी धाकटा सामान पोचवायला गेला होता. बघतो तर ड्रमला खाली एक भोक, झाकणाच्या गळ्याला एक भोक, आणि दोन्हींच्या मध्ये ही नळी. मला वाटलं, काहीतरी खेळ मांडलाय. धुळीच्या ड्रमला भोक पाडतो का कुणी, हवा निसटणार, ओढ कमी होणार. नळी उपटली. सागाची दोन बुचं घडवली, सरस लावून ठोकली, वरून घासून सपाट केली. धाकटा आला तेव्हा म्हटलं, "तुझी भोकं बुजवली. पुन्हा हत्तीला टोचू नकोस." तो काही सांगायला लागला. मी घासायचं यंत्र सुरू केलं, त्या आवाजात त्याचे ओठ नुसते हलताना दिसले. दुसऱ्या दिवशी पिशवी वर गेली.

नळी हातात घेऊन ड्रमपाशी बसलो आणि मग कळलं. अडीच वर्षांनी. यंत्राची ओढ पिशवीच्या आत असते आणि पिशवी नि ड्रम यांच्यामध्ये साधी हवा कोंडलेली असते. ती हवा पिशवीला आत ढकलते. धाकट्याची नळी तीच ओढ पिशवीच्या बाहेरही नेत होती. दोन्हीकडे सारखं झालं की पिशवी भिंतीला चिकटून गप्प बसते. दुसरं काही नाही. सातवीतल्या पोराला कळेल.

बुचं त्याला काढता आली असती. पेचकसाने दोन मिनिटांचं काम, तेव्हा सरसही ओला होता. पण सांधा दादाचा. दादाला विचारल्याशिवाय नख लावायचं नाही. आणि दादाला विचारायची सोय मी ठेवली नव्हती. म्हणून तो दर पंधरा दिवसांनी त्या ढगात जात राहिला.

मी भावाला मारलं असं लिहिलं तर ते खरं होईल का? डॉक्टर म्हणाले होते, धूळ बरीच वर्षं साचत आली. पण शेवटची दोन वर्षं माझी आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी धाकटी मुखवटा बांधून आली. मी ड्रमसमोर स्टूल टाकून बसलो होतो, वाट अडवून. म्हटलं, "आधी ऐक." आणि शनिवारी लिहिलं ते सगळं सांगितलं. नळी तिच्या हातात दिली. बोलताना तिच्याकडे बघवत नव्हतं, खालच्या बुचाकडे बघत बोललो.

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तुम्ही बुचं मारलीत त्याच दिवशी वर येऊन सांगितलं यांनी. हसत होते. म्हणाले, दादाने भोकं अशी बुजवलीत की शोधून सापडायची नाहीत."

"मग तू का नाही बोललीस? तो गेल्यावर तरी? मी तीन आठवडे पिशव्या फाडत बसलोय, तू बघत होतीस."

"सांधा तुमचा होता," ती म्हणाली. मुखवटा खाली ओढला तिने. "आणि मला बघायचं होतं, तुम्ही स्वतः सांगता का. नसतं सांगितलंत तर आज ड्रम काढून झाल्यावर मी माहेरी जाणार होते, कायमची. बॅग भरलेली आहे."

मी म्हटलं, "माझं चुकलं." साठी उलटून गेल्यावर पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही ज्याला म्हणायचं त्याला नाही.

"चुकलंच," ती म्हणाली. "माफ केलं असं मी म्हणणार नाही दादा, आज तरी नाही. बुचं काढा. पिशवी मी धरते."

बुचं निघेनात. असला सांधा की पेचकस वाकला. शेवटी गिरमिटाने पोखरून काढावी लागली. इतकं चांगलं काम माणसाने करू नये.

साठलेली धूळ आधी पाणी मारून ओली केली, ती धाकटीची अक्कल. मला तिने दार लावून पुढच्या खोलीत बसवलं. मी बसलो. मग नवी पिशवी लावली, काठावर दुमडली, तोट्या भोकांत बसवल्या, नळी जोडली, झाकण आवळलं. बटण मी दाबलं.

पिशवी हलली नाही. एकदा थरथरली आणि भिंतीला चिकटून राहिली. दोघं पट्टीपाशी उकिडवे बसून पाच मिनिटं बघत होतो, काही घडत नाही ते. धाकटी रडत होती. मीही.

यंत्र बंद केलं. घरघर संपली आणि खोकला आला. एक कोरडा, दोन ओढलेले.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "बघ. भोकं उघडली तरी तो जात नाही."

"दादा," ती म्हणाली, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं. "ते नाही खोकत. आत्ता तुम्ही खोकलात. रोज तुम्हीच खोकता."

मला हसू आलं. म्हटलं, काहीतरीच.

तिने भिंतीवरचा आरसा काढून समोर धरला नाही की काही नाही. नुसती म्हणाली, "वही पुढून वाचा."

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस वही उघडली नाही. आज सकाळी उघडली, पुढून.

धाकट्याचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. बहुतेक नोंदी एका ओळीच्या. तारीख, ड्रम रिकामा केला, मोटरला तेल, पट्टा बदलला. अधूनमधून मी.

"दादा आज फार खोकला. विचारलं तर म्हणतो तंबाखूचा ठसका." मी तंबाखू सोडून तेव्हा वीस वर्षं झाली होती.

"दादाचा खोकला आधी एक, मग दोन. ड्रम काढला की आठवडाभर राहतो. यापुढे ड्रम मीच काढणार. त्याला सांगितलं की त्याला नीट झाडता येत नाही. रागावला, पण आला नाही जवळ."

हे मला आठवतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

"पिशव्या आणल्या. दादासाठी हेच बरं, मग कुणीही काढला तरी चालेल."

आणि त्यानंतर आठ दिवसांनी, "दादाने दोन्ही बुचे मारली. काम सुरेख."

एवढंच. राग नाही, काही नाही. काम सुरेख. ते पान किती वेळ धरून बसलो माहीत नाही. पुढे पुन्हा एकेक ओळ. ड्रम रिकामा केला. ड्रम रिकामा केला. अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलंय. त्यांतच दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली एक नोंद आहे. "ड्रम रिकामा केला. आता मलाही दादासारखाच खोकला लागला. एक आणि दोन. हिला हसू आले, म्हणाली, भाऊ शोभता."

म्हणजे तो खोकला त्याचा नव्हताच कधी. माझाच होता. त्याने घेतला तो माझ्याकडून.

खाली गेलो. धाकटी पॉलिश करत होती. म्हटलं, डॉक्टरांकडे कधी जायचं? तिने बोळा खाली ठेवला आणि हात धुवायला गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

एकच पान उरलंय. मागून लिहीत आलो ते त्याच्या शेवटच्या पानाला येऊन टेकलो. समोर त्याचं अक्षर दिसतंय.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. पुन्हा धूळ घेतली तर भावाच्या वाटेने जाल, नाही घेतली तर बरीच वर्षं आहेत, म्हणाले. किती, ते मी विचारलं नाही, धाकटीने विचारलं. मला बाहेर बसवून.

बॅग तिने उघडली, पण सगळी रिकामी केलेली नाही. दोन साड्या आतच आहेत. मी बघितलं. तिला हवं तेव्हा काढेल.

त्या तिरक्या कपाटाचं मी तिला विचारलं. जोडणारा नसला तर त्याच्या बायकोला विचारावं, असं मला वाटलं. ती म्हणाली, "असू दे तिरकं. आपल्याकडेच ठेवू." वाचनालयासाठी नवं करतोय.

आज पहिली पिशवी भरली. बांधायच्या आधी धाकटीने खिडकीतली बरणी आणून माझ्यासमोर धरली. मी झाकण उघडलं, तांबूस धूळ पिशवीत ओतली. मुखवटा घातला होता, तिने दोनदा तपासून बघितला. मग पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, दोरीने दोघांनी मिळून बांधलं. तिने एक टोक ओढलं, मी दुसरं.

नोंद त्याच्या पद्धतीने करतो.

ड्रम रिकामा केला. नवी पिशवी लावली. धूळ उडाली नाही. खोकला दोनदा, माझा.